दादांचं रक्त पातळ होईपर्यंत

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं अक्षर ओळखलं असतंत तर पाकीट न उघडताच खणात सारलं असतंत, म्हणून पत्ता माझ्या ड्रायव्हिंग क्लासमधल्या एका विद्यार्थिनीकडून लिहून घेतला. मुलीचं अक्षर मोत्यासारखं आहे, गाडी मात्र अजून फुटपाथवर चढवते. असो. उघडलंच आहे तर आता वाचा. फोन तर तुम्ही उचलत नाही.

गेली सहा वर्षं तुम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाही. त्यात मी कधी पडले नाही, आजही पडत नाहीये. फक्त कळवायचं म्हणून कळवते. तुमच्या दादांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली आहे. कॅन्सर आहे. लिहून टाकलं एकदाचं.

तुम्हाला माहीतच आहे, रोज सकाळचा पहिला पाव भट्टीतून निघाला की दादा त्याचा कडेचा तुकडा मोडून चावून बघतात, मगच माल दुकानात जातो. गेल्या काही महिन्यांत तो तुकडा लहान लहान होत गेला. मग ते तो दुधात बुडवायला लागले. मग नुसता वास घ्यायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "अनुभवी माणसाला वासावरून कळतं. खातात ते शिकाऊ." मला वाटलं, म्हातारपणी माणूस शहाणा होतोय. एक दिवस मात्र गिऱ्हाइकांसमोरच घास अडकला आणि चेहरा निळा पडला. मग माझं एक न ऐकता... म्हणजे त्यांचं एक न ऐकता मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीतून तपासलं आणि कळलं.

डॉक्टरीण तरुण आहे, हुशार आहे, पण बोलते इतकी भरधाव की माझ्या शेजारी बसून गाडी चालवत असती तर पहिल्याच वळणावर मी माझा ब्रेक दाबला असता. तिचं म्हणणं असं, की आधी केमो आणि रेडिएशन देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन करून काढून टाकायची. "बरं करायचं आहे म्हणूनच एवढं सगळं करतोय," हे तिने आपणहून सांगितलं. मी ते वाक्य घट्ट धरून बसले आहे.

दादा मजेत आहेत. केमोच्या खोलीत रांगेने खुर्च्या असतात, प्रत्येकाला सलाइन लावलेलं. तुमच्या भावाने तिथे दुसऱ्याच खेपेला बिस्किटांचा डबा नेला. स्वतःला गिळता येत नाही, पण बाकीच्यांना खाऊ घालून "खुसखुशीत आहे का? तूप जास्त झालंय का?" असं विचारत बसतात. हॉस्पिटलच्या पावाला त्यांनी नुसतं बोटाने दाबून पाहिलं आणि आचाऱ्याला बोलावून घेतलं. आता दोघे एकमेकांना अरे-तुरे करतात.

हे पत्र लिहितेय हे त्यांना माहीत नाही. तुम्ही यायची काही गरज नाही.

तुमची वहिनी

९ मार्च

भाऊजी,

तुमचं कार्ड आलं. "दादाला गार दूध चालतं का?" एवढंच. तुमच्या घराण्यात पुरुषांना शब्द कमीच येतात, तुम्ही तर त्यातलेही शिल्लक टाकता. पण मी ते कार्ड चार वेळा वाचलं हे सांगायला हरकत नाही. हो, गार दूध चालतं. कस्टर्ड सगळ्यांत चांगलं उतरतं. गरम काही नको.

आता जरा बसून वाचा. घाबरण्यासारखं काही नाही, म्हणजे आता नाही.

दोन आठवड्यांपूर्वी दादांनी मोजे काढले तर डाव्या पायावर मोज्याच्या काठाची खोल रेघ उमटली होती. उजव्या पायावर काहीच नाही. डावी पोटरी टम्म, हात लावला तर गरम. मी अंगठ्याने दाबलं तर खड्डा तसाच राहिला. तुमचे दादा खाली बघून काय म्हणाले असतील? "पीठ चांगलं फुगलंय."

मी म्हटलं, हॉस्पिटलात फोन करू. केमो सुरू झाली तेव्हाच सिस्टरने बजावून सांगितलं होतं की असं काही दिसलं तर लगेच कळवायचं. तर म्हणे, "भट्टीसमोर उभं राहून सुजला असेल. एवढ्याशा सुजेसाठी त्या पोरीला कशाला त्रास?" आजारी माणूस डॉक्टरचीच काळजी करत बसला. मीही ऐकलं. त्याचा राग मला अजून आहे, दादांवर थोडा आणि माझ्यावर जास्त.

मग एका दुपारी ते बेकरीतून वर घरात यायला निघाले आणि मधल्याच पायरीवर बसले. मी दारातून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. इथे वारा छान लागतो."

भाऊजी, तुम्ही त्या जिन्यात लहानाचे मोठे झालात. तिथे कधी वारा आलाय का?

ते छातीवर हात धरून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते. मी त्यांना धरून खाली उतरवलं, माझ्या क्लासच्या गाडीत बसवलं आणि निघाले. गाडीवर "शिकाऊ चालक" अशी पाटी आहे, त्यामुळे लोक आपोआप बाजूला होतात, हा तिचा एक फायदा. एरवी माझ्या शेजारी बसले की दादा प्रत्येक चौकात "हळू, हळू" करतात. त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा स्कॅन झाला. मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचे तुकडे सुटून फुप्फुसात जाऊन बसले होते. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हळू बोलल्या. या आजारात रक्त मुळातच लवकर गोठतं, त्यात औषधांची भर, त्यात बसून-पडून राहणं. पुष्कळ पेशंटना होतं. "वेळेवर आलात," म्हणाल्या. मी मान हलवली. वेळ निघून जात होती हे मी आणि ती पोटरी, दोघींनाच माहीत.

चार दिवस ठेवून घेतलं, मग घरी सोडलं. आता रक्त पातळ ठेवायचं औषध कित्येक महिने घ्यायचं आहे. गोळ्या असतात, पण एक तर त्या गिळता येत नाहीत, आणि अन्ननलिकेत गाठ आहे तोवर त्या गोळ्यांनी तिथूनच रक्त वाहायचा धोका. म्हणून इंजेक्शन. सकाळी एक, संध्याकाळी एक, पोटाच्या कातडीत.

आता तुमच्या भावाची मजा ऐका. चाळीस वर्षं तापलेल्या भट्टीत हात घालणारा माणूस. हातावर भाजल्याचे इतके डाग की नकाशा वाटावा. सिस्टरने सुईचं नुसतं टोपण काढलं आणि हे खुर्चीतून घसरले. सिस्टर म्हणाली, "इंजेक्शन अजून दिलं नाहीये, काका." हे जमिनीवरून म्हणाले, "द्या, द्या, मी इथेच बरा आहे."

तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं. बेंबीपासून लांब, कातडीची चिमूट धरायची, सुई सरळ आत, दट्टा हळूहळू दाबायचा, नंतर चोळायचं नाही. सिस्टरने रिकाम्या सिरिंजने आधी पावावर सराव करायला लावला. दादा म्हणाले, "पाव ओरडत नाही म्हणून तुला जमतंय." घरी मी त्यांना डोळे मिटायला लावते आणि पावाचं साहित्य मोठ्याने म्हणायला सांगते. मैदा, पाणी, मीठ, साखर... यीस्टपर्यंत येतात तोवर माझं काम झालेलं असतं.

पहिल्या दिवशी मात्र साहित्य दोनदा म्हणायला लावलं.

वहिनी

६ एप्रिल

भाऊजी,

दोन्ही बातम्या एकदम सांगते. एक, गाठ लहान झाली आहे. दोन, ऑपरेशन पुढे गेलं आहे. फुप्फुसात ताज्या गुठळ्या असताना एवढं मोठं ऑपरेशन करणं धोक्याचं, म्हणून आणखी काही आठवडे इंजेक्शनं द्यायची, पुन्हा स्कॅन करायचा आणि मग ठरवायचं. म्हणजे सगळं त्या गुठळ्यांवर येऊन अडलंय. दादा तोंड फुगवून बसले आहेत. म्हणतात, "गाठ निघायला तयार आहे, मी तयार आहे, आणि पाय आडवा येतोय."

त्यात तिसरी बातमी म्हणजे मी. माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक गाडी शिकायला येतात. आयुष्यभर पोरांना "सावकाश चला" सांगितलं, त्याची सगळी कसर गाडीत भरून काढतात. समोर मांजर आलं तर त्यांनी असा करकचून ब्रेक मारला की मी उजवा हात पुढे टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. मांजर सुखरूप आहे. माझ्या हाताला प्लास्टर आहे.

आता दट्टा दाबणार कोण? डाव्या हाताने मी प्रयत्न केला, तुमच्या भावाच्या पोटावर असा काळानिळा डाग पडला की मलाच बघवेना. औषधाच्या दुकानातले गृहस्थ दोन-तीन दिवस येऊन गेले, तर दादा त्यांच्या तोंडावर म्हणाले, "तुम्ही खिळे चांगले ठोकाल." ते पुन्हा आले नाहीत. मग दादा म्हणाले, "मीच घेतो, त्यात काय!" मी स्वयंपाकघरातून येऊन बघते तर हे जमिनीवर आडवे आणि इंजेक्शन हातात, जसंच्या तसं. शेवटी दोन्ही वेळा हॉस्पिटलात नेऊन आणते, तेही आता भाड्याच्या गाडीने. एकही इंजेक्शन चुकवून चालणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं आहे.

खाली बेकरीत कामगार मन लावून काम करतात, पण पीठ पुरेसं फुगलं का हे कोणी ठरवायचं? दादांनी फार वेळ उभं राहायचं नाही, म्हणून ते जिन्यात बसून ओरडून सांगतात आणि त्यांना धाप लागते.

म्हणून आता एक गोष्ट सांगते. ही मी कोणालाच सांगणार नव्हते.

तुम्ही घर सोडलंत ते इलेक्ट्रिक भट्टीवरून. तुम्ही माहितीपत्रकं आणलीत, दादा म्हणाले, "मी मेल्यावर आण." भाऊजी, ती भट्टी आपल्या बेकरीत येऊन चार वर्षं झाली, आणि तेव्हा दादा ठणठणीत जिवंत होते. तुम्ही सुचवलेलीच. तेच मॉडेल. पहिले काही महिने तर तुमच्या ओळखीचं कोणी आलं की तिच्यावर चादर टाकायचे. एवढी मोठी भट्टी, चादरीखाली लपते का? तुम्हाला कळवा म्हटलं तर म्हणाले, "मग तो बरोबर होता असं म्हणावं लागेल."

आईंना इतकी वर्षं इन्शुलिन तुम्हीच देत होतात. तुमचा हात हलका आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, यायची गरज नाही. आता आहे. या.

वहिनी

१९ मे

भाऊजी,

पोचल्याचं कळवायची पद्धत असते. नाही कळवलंत. म्हणजे नेहमीसारखेच आहात, बरे आहात.

तुम्ही महिनाभर राहिलात, माझं मनगट जुळेपर्यंत. हॉटेलच्या भटारखान्यातून एवढी रजा कशी काढलीत ते तुमचं तुम्हालाच माहीत. आता मी पुन्हा इंजेक्शन देते आणि पुन्हा शिव्या खाते, कारण आता माझी तुमच्याशी तुलना होते.

त्या पहिल्या सकाळचं थोडं सांगायचं राहिलं. तुम्ही तिथेच होतात, पण सगळं तुम्ही पाहिलं नाहीत.

तुम्ही बॅग दारात ठेवलीत, हात धुतलेत, दादांसमोर जाऊन उभे राहिलात. दादा भिंतीकडे बघत होते. भिंतीवर काही नव्हतं. तुम्ही म्हणालात, "शर्ट वर कर."

सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! मी दाराआड उभी होते, मला हसावं की काय करावं कळेना. दादांनी शर्ट वर केला. ना डोळे मिटले, ना साहित्य म्हटलं. तुम्ही विचारलंत, "दुखलं?" ते म्हणाले, "नाही." तुम्ही सुई डब्यात टाकलीत आणि खाली बेकरीत गेलात.

इथून पुढचं तुम्हाला माहीत नाही. दादा शर्ट तसाच वर धरून बसून राहिले. मी म्हटलं, "अहो, सोडा आता, झालं इंजेक्शन." तर म्हणाले, "आईलाही असंच द्यायचा. तिला कळायचंसुद्धा नाही." मग जरा वेळाने हळूच मला विचारलं, "त्याने भट्टी बघितली असेल का?"

मी म्हटलं, "खाली गेलेत म्हणजे बघितलीच असणार."

"काही म्हणाला का?"

तेवढ्यात खालून तुमचं हसू ऐकू आलं. किती मोठ्याने हसलात हो! कामगार हातातलं काम टाकून बघायला लागले म्हणे. दादांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता भडकतात. तर ते स्वतःच हसायला लागले, खोकला येईपर्यंत. मी पाणी द्यायला धावले तर हाताने थांबवून म्हणाले, "हसू दे त्याला. सहा वर्षांचं साचलंय."

त्यानंतरचं भांडण तर अख्ख्या गल्लीने ऐकलं आहे. मीठ जास्त, मीठ कमी, पीठ थंड, पीठ गरम. भट्टी बरोबर होती पण कारण चुकीचं होतं, हा दादांचा मुद्दा मला अजून समजलेला नाही. शेवटी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, की यांनी एवढं ओरडलेलं चालतं का? त्यांनी विचारलं, "भांडताना दम लागतो?" मी आठवून बघितलं. जिन्यात बसून एक वाक्य पुरं न करता येणारा माणूस तुमच्याशी सलग, न थांबता भांडत होता. म्हटलं, "नाही लागत." त्या म्हणाल्या, "मग भांडू द्या."

कालच स्कॅन झाला. फुप्फुसातल्या गुठळ्या विरघळल्या आहेत. पायात थोडं काही शिल्लक आहे, त्याचं डॉक्टरीणबाईंना विशेष वाटत नाही. ऑपरेशन जूनमध्ये. पत्र लिहायचं सोडून मी आधी तासभर नुसती घरात फिरत होते, हे तुम्हाला म्हणून सांगते.

पुन्हा रजा मिळणार नाही हे मला कळतं. त्याचं मनाला लावून घेऊ नका.

वहिनी

३० जून

भाऊजी,

फोनवर तुम्हाला "झालं, ठीक आहे" एवढंच सांगितलं, कारण हॉस्पिटलच्या त्या बाकावर माझ्या तोंडून दुसरं काही फुटेना. आता नीट सांगते.

सकाळी आत नेलं ते दिवस कलल्यावर बाहेर आणलं. गाठ असलेला अन्ननलिकेचा भाग काढून टाकला आणि जठरच वर ओढून त्याची नवी नळी केली. सर्जन गोष्ट अशी सांगतात, जणू पायजम्याची नाडी बदलली. इंजेक्शन आदल्या दिवशी थांबवलं होतं, पुढे रक्तस्रावाची भीती टळल्यावर लगेच सुरू केलं. मधल्या वेळात पायांना घट्ट मोजे, आणि दुसऱ्याच दिवशी चालायला लावलं. अंगाला चार नळ्या, हातात सलाइनचा खांब, आणि दादा खोलीच्या दारापर्यंत चालत गेले. दारात थांबून पलीकडच्या पेशंटला हात केला. तो केमोच्या खोलीत यांची बिस्किटं खाणारा दोस्त निघाला.

शुद्धीवर आले तेव्हा बोलता येत नव्हतं. माझा हात ओढून तळव्यावर बोटाने लिहिलं, "पाव." माझा जीव गलबलला. म्हटलं, "अहो, आत्ता नाही हो खाता येणार, थोडे दिवस जाऊ द्या." त्यांनी वैतागून मान हलवली आणि पुढे लिहिलं, "गेले का?" सकाळचा माल दुकानात गेला का, हे विचारत होते! जीव जातोय का राहतोय, आणि यांना पावांची पडलेली.

रिपोर्ट आला आहे. गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत. पुढची काही वर्षं तपासण्या करत राहायचं. डॉक्टरीणबाईंनी हे इतकं भरभर सांगितलं की मी पुन्हा सांगायला लावलं, आणि मग, ऐकायला बरं वाटलं म्हणून, तिसऱ्यांदाही.

आता दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खातात आणि उशा रचून बसल्यासारखे झोपतात. काल वाटीभर कस्टर्ड संपवून वाटी बोटाने पुसली. आणि इंजेक्शन स्वतःचं स्वतः घेतात. हो, तुमचा भाऊ! मी समोर उभी राहिलेली मात्र चालत नाही.

उरलेला कागद दादांना हवा आहे. म्हणतात, मला दोन ओळी लिहायच्या आहेत, तू खाली जा. मुख्याध्यापक गाडीत बसून हॉर्न वाजवतायत, त्यामुळे मला जायलाच हवं.

वहिनी

धाकट्या,

तुझ्या वहिनीने तुला काय काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. तिने काय लिहिलं नसेल ते मात्र मला माहीत आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी वॉर्डच्या खिडकीशी उभा होतो. खाली आवारात हिची गाडी दिसली. ही आत बसली होती, स्टिअरिंगवर डोकं टेकून. खांदे हलत होते. बराच वेळ. मग तिने आरसा स्वतःकडे वळवला, तोंड पुसलं, केस नीट केले आणि वर आली. आल्या आल्या म्हणाली, "गाडी लावायला जागाच मिळेना हो." मी म्हटलं, "हो, इथे गर्दी असते." मग तिने मला मुख्याध्यापकांची नक्कल करून दाखवली आणि आम्ही हसलो.

मी तिला यातलं काही बोललेलो नाही. तूही बोलू नकोस. तिला फोन मात्र करत जा. सुरुवातीला ती माझंच सांगत बसेल. तिचं विचार.

मला रोज चालायला सांगितलंय. पाकीट मी स्वतः चिकटवतो आणि पेटीत टाकून येतो.

सवड झाली की ये. काम काही नाही. नुसता ये.

दादा